मेट्रोचे पत्रे निघाल्यावर चेकनाका ते तीन हात नाका रस्ता होता तसाच परत करायचा का?

पायी_पायी
मुंबईकडून ठाण्यात शिरायचा जुना रस्ता म्हणजे मुलुंड चेकनाका ते तीन हात नाका. पाटीवर एलबीएस मार्ग, आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत आग्रा रोड. चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटांचा. या तुकड्यावर गेल्या काही वर्षांत जागा मोकळी होत गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, ट्रकांच्या रांगा गेल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या गाड्यांचा टोल गेला. ती सगळी जागा आणि सगळा वेग गाड्यांनी घेतला, चालणाऱ्याच्या वाट्याला वीतभरही आलं नाही. आता मेट्रो 4 च्या कामाला रस्त्यात लावलेले पत्रे आज ना उद्या निघणार, रस्ता नव्याने होणार. तेव्हा पुन्हा तेच करायचं का, हा माझा प्रश्न.

आजचा फुटपाथ बघा. सोसायटीचं गेट आलं की उतार, गेट संपलं की चढ. मग महावितरणचा डीपी. मग झाकण नसलेला चेंबर, त्यात कुणीतरी माणुसकीने झाडाची फांदी खोचलेली. पुढे पंक्चरवाल्याचे टायर. बसमधून उतरलेली बाई बॅग ओढत दोन गेटं जाते, तिसऱ्याला वैतागून खाली रस्त्यावर येते आणि मागून हॉर्न खाते.

माझं मागणं: आधी फुटपाथ आखा, मग क्रॉसिंग, उरेल त्यात लेन. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंची सांगितली आहे. इथे काही ठिकाणी आईला चढायला हात द्यावा लागतो. गल्ल्यांच्या तोंडाशी फुटपाथ खाली नेऊ नका, रस्ता वर उचला, म्हणजे गाडी हळू होईल आणि माणूस सरळ चालेल. आणि तीन हात नाक्याची डावी वळणं आवळा. एवढी ऐसपैस वळणं आहेत की सिग्नल लाल असो की हिरवा, डावीकडे वळणारा ब्रेकवर पायच ठेवत नाही.

घोडबंदरचा_त्रस्त
झालं? मेट्रोच्या नावाने इतकी वर्षं आम्ही कासारवडवलीपासून मुलुंडपर्यंत तासन् तास कुजलो. आता पत्रे निघाले की दोन लेन सुटतील म्हणून डोळे लावून बसलोय, तर तुम्ही म्हणताय त्या फुटपाथला द्या. हा वेशीवरचा रस्ता आहे ताई, गोखले रोड नाही. इथून ट्रक, टीएमटी, बेस्ट, शाळेच्या बस, अँब्युलन्स सगळं जातं. लेन कमी केलीत तर रांग पार मुलुंडच्या मॉलपर्यंत जाईल, आणि अडकलेल्या अँब्युलन्सला तुमच्या फुटपाथवरून काढणार का?

आणि चालायला फुटपाथ कुठे कमी आहेत? आहेत ते फेरीवाल्यांना दिलेत. पाच फुटांचा दहा फूट करा, दहा फुटांचा बाजार भरेल.

निवृत्त_अभियंता
दोघांनाही सांगतो, कारण रस्त्यांच्या कामातच नोकरी गेली.

त्रस्तसाहेब, तुमची रांग रस्ता अरुंद म्हणून लागत नाही, तीन हात नाक्याचा सिग्नल तुम्हाला दर फेरीला जितक्या गाड्या सोडतो तितक्याच जातात म्हणून लागते. टाकी केवढीही बांधा, पाणी तोटीतून येईल तेवढंच. सिग्नलच्या आधीचे शंभरएक मीटर लेन भरपूर ठेवा, तिथे मी एक इंचही कमी करू देणार नाही. पण त्याच्या मागे रुंद रस्त्याचा उपयोग फक्त दोन सिग्नलांमध्ये पळण्यासाठी होतो, लवकर पोचण्यासाठी नाही.

लेन काढायचीही गरज नाही. साडेतीन मीटरच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. बसची कायदेशीर रुंदी जास्तीत जास्त 2.6 मीटर. लेन 3.2 ची केली तर तीन लेन 9.6 मीटरमध्ये बसतात, बसही आरामात जाते. एका बाजूला 90 सेंटिमीटर सुटले. तेवढ्यात डीपी आणि चेंबर फुटपाथच्या कडेच्या पट्टीत सरकतात, चालायची पट्टी सरळ मिळते.

पायी_पायी, सगळीकडे पुरेशी रुंदी मिळणार नाही. काही इमारती रस्त्याला अगदी खेटून आहेत. तिथे 1.8 मिळाले तरी नारळ फोडा.

आता क्रॉसिंग. रस्ता 24 मीटर धरा. सिग्नलच्या हिशोबात माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे 20 सेकंद. गुडघेदुखीवाला 0.8 ने चालला तर 30. मधे मेट्रोच्या खांबांच्या ओळीत दोन मीटरची थांबायची जागा दिली की एका दमात 11 मीटरच ओलांडायचे: 9 सेकंद, फार तर 14. चालणारा सुरक्षित, आणि गाड्यांनाही एकदम तीस सेकंद लाल नको. दुभाजक तर असणारच आहे, खांब त्याच्यातच आहेत. त्याला दोन-तीन ठिकाणी खाच द्यायची आणि खांबांना रिफ्लेक्टर लावायचे, नाहीतर पावसात रात्री बाइकवाला सरळ खांबाला भेटायचा.

एलबीएसचा_दुकानदार
अभियंतासाहेबांचं गणित बरोबर असेल, पण कागदावर माझा टेम्पो कुठे उभा आहे ते दाखवा. माझं हार्डवेअरचं दुकान. पाइप, सिमेंट, टाइल्स. माल दारात उतरतो. फुटपाथ रुंद, लेन अरुंद, मग टेम्पो लेनमध्येच उभा राहणार. मागे बस अडकणार आणि शिव्या मला. हमाल पन्नास किलोची गोणी घेऊन किती लांब चालेल?

गिऱ्हाईक पण गाडी लावायला जागा बघतं. नाही मिळाली तर सरळ वागळे इस्टेटला जातं. सुंदर फुटपाथवर फोटो काढणारे येतात, नळ घेणारे येत नाहीत.

पायी_पायी
टेम्पोचा मुद्दा रास्त आहे, आराखड्यात माल उतरवायची जागा हवीच. पण गिऱ्हाइकाचं म्हणाल तर काउंटरवरून जरा बाहेर बघा. तुमच्याकडे येणारे प्लंबर, सुतार, वायरमन बहुतेक दुचाकीवर किंवा पायी येतात. कार लावून नळ घेणारा किती वेळा दिसतो?

पेडलवाली
मी सायकलवरून वागळे इस्टेटला जाते आणि माझं मत इथल्या सायकलप्रेमींना आवडणार नाही: वेगळा सायकल ट्रॅक बांधू नका.

बीकेसीत बांधला होता. त्यावर गाड्या लागल्या, दुचाक्या धावल्या, शेवटी रस्ता रुंद करायला तो काढायचंच ठरलं. पुण्यातही बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाच्या, कडेच्या ट्रॅकचं हेच झालं, मधेच झाड, मधेच बसस्टॉप. वेशीवरच्या रस्त्यावर दर वीस पावलांवर गेट आहे. दर गेटाला गाडी ट्रॅक ओलांडणार. तिथे मी ट्रॅकवर जास्त असुरक्षित असेन, कारण गेटातून निघणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, ट्रॅकवर नसते.

आणि इथे सायकल चालवतं कोण? हेल्मेटवाले शनिवारी सकाळी येऊरला जातात. रोज चालवणारे म्हणजे पेपरवाला, दूधवाला, इडलीवाला आणि रात्रपाळीचे वॉचमन. 1962 मध्ये एमआयडीसी निघाली, तिची पहिली वसाहत म्हणजे हीच वागळे इस्टेट. तेव्हापासून लोक इथे सायकलने कामाला येतायत, त्यांना कुणी विचारलंय का? त्यांना ट्रॅकचा हिरवा रंग नको, गाड्यांचा वेग कमी हवा. डाव्या लेनमध्ये गाडी तीसच्या आत राहिली की मी आरामात चालवीन.

घोडबंदरचा_त्रस्त
तीस? या रस्त्यावर दिवसा दहाने जातो आम्ही. वेगाचं कसलं दुखणं सांगताय?

निवृत्त_अभियंता
दिवसा दहा, रात्री अकरानंतर सत्तर. टोलसाठी सगळे थांबायचे तेव्हा पुढच्या पट्ट्यात आपोआप हळू असायचे. आता हलक्या गाड्या सरळ सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे: 50 ऐवजी 65 च्या वेगाने गाडी आदळली तर चालणाऱ्याचा मृत्यूचा धोका साडेचारपट होतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती आणि जवळपास 75 हजार दुचाकीवरची. म्हणजे हा रस्ता नीट करणं दुचाकीवाल्यासाठीही तेवढंच गरजेचं आहे.

तीनचाकी
साहेब लोकांचं छान चाललंय. आमचं स्टँड कुठे आहे त्यात?

प्रत्येक नकाशात बसस्टॉप असतो, झाड असतं, बाकडं असतं. रिक्षा नसते. मग आम्ही बसस्टॉपवरच लागतो, बस मधे थांबते, लोक रस्त्यात उतरतात आणि पेपरात नाव येतं बेशिस्त रिक्षावाल्यांचं. चेकनाक्याला मुंबईच्या बसमधून उतरलेला माणूस शेअर रिक्षा शोधतो. बसस्टॉपच्या पुढे, मागे नाही, पाच रिक्षांची खाच द्या. आम्ही रांग लावतो. नाही लावली तर मग बोला.

दुसरं, राँग साइड. सगळे शिव्या देतात. पण समोरच्या पेट्रोल पंपावर जायला कुठे लांब जाऊन वळून यायचं असेल तर माणूस उलटाच येणार. दुभाजक सलग बांधायच्या आधी वळायच्या जागा ठरवा. मेट्रोचे पत्रे लागले तेव्हा हेच झालं, सगळे कट बंद केले आणि लोक फुटपाथवरून उलटे यायला लागले.

निवृत्त_अभियंता
तीनचाकी, दोन्ही मुद्दे पटले. खाच बसस्टॉपच्या पुढेच हवी. मागे दिलीत तर बस आत शिरूच शकत नाही.

खवचट_नौपाडा
सगळं झालं, आता माझा एक बाळबोध प्रश्न. फुटपाथ रुंद, सपाट, गल्लीच्या तोंडाशी उतार नाही, चढ नाही. म्हणजे स्कूटरसाठी एकदम झकास लेन. अडवणार कसं? खांब लावणार? व्हीलचेअर जायला दोन खांबांत 1.2 मीटर लागतात. स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. स्कूटर अडवाल तर व्हीलचेअर अडेल, व्हीलचेअर सोडाल तर अख्खं नौपाडा स्कूटर घेऊन आत. करा आराखडा.

चाकांवरून
मी त्या व्हीलचेअरवर आहे, म्हणून उत्तर देते.

खांब अरुंद लावले की पहिली मी बाहेर. हे शहरात अनेक ठिकाणी करून झालंय: स्कूटरसाठी लोखंडी आडवे पाइप, आणि स्कूटर शेजारच्या गेटाच्या उतारावरून आत. पाइपने फक्त मला आणि बाबागाडीला अडवलं. तेव्हा 1.2 मीटरच ठेवा आणि पावती फाडा, कॅमेरे तीन हात नाक्यावर आहेतच. शिवाय स्कूटर फुटपाथवर का चढते? खाली रांग अडलेली असते म्हणून. अभियंताकाका सिग्नलच्या आधी लेन भरपूर ठेवा म्हणाले, तिथेच दुचाकींना पुढे थांबायला जागा दिलीत तर निम्म्या तरी चढणार नाहीत.

आज मी रस्त्याच्या कडेने जाते. फुटपाथवर चढायला एका टोकाला उतार केलेला आहे, दुसऱ्या टोकाला नाही. म्हणजे चढायचं आणि तिथून मागे फिरायचं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. त्यामुळे जागा उरली तर देऊ, हा विषय माझ्या लेखी संपलेला आहे. किती द्यायची ते भांडा.

खवचट_नौपाडा
मान्य. खवचटपणा मागे घेत नाही, पण पाइपांना माझाही विरोध.

पायी_पायी
उड्डाणपुलाखालची सिग्नल शाळा कुणी धरलीच नाही. 2016 पासून तीन हात नाक्याला सिग्नलवरच्या मुलांची शाळा भरते, चहूबाजूंनी वाहनं. तिथे पोचायला मुलांना हीच ऐसपैस डावी वळणं ओलांडावी लागतात. वळण आवळलं की गाडी वीसने वळेल आणि ओलांडायचं अंतरही कमी होईल. एवढं एक काम पत्रे निघायची वाट न बघता रंग आणि प्लास्टिकचे खुंट लावून महिनाभर करून बघता येईल. जमलं नाही तर उचलून न्या.

घोडबंदरचा_त्रस्त
महिनाभर करून बघायला माझी हरकत नाही, पण सप्टेंबरात नको. गणपतीच्या गर्दीत करून "बघा, कोंडी झाली नाही" किंवा "झाली" असं काहीही सिद्ध होतं. शाळा सुरू असताना, साध्या मंगळवारी करा. आणि बसला वळताना दोनदा मागे-पुढे करावं लागलं तर त्याच दिवशी खुंट काढायचे. ट्रकला आत जाताना मागचं चाक किती आत येतं ते सायकलवाल्यांना कळत नाही, वळण आवळलं की ते चाक फुटपाथवर चढेल.

निवृत्त_अभियंता
चढेल, म्हणून कोपऱ्यावर खडबडीत पट्टी देतात. कार तिच्यावरून जायला नको म्हणते आणि हळू वळते, ट्रकचं मागचं चाक बिनधास्त जातं. तुमची शंका योग्य आहे, इलाजही आहे.

एलबीएसचा_दुकानदार
माझ्या टेम्पोला अजून कुणी जागा दिलेली नाही.

पायी_पायी
दिली. पार्किंगची सलग पट्टी नको, मधे मधे खाचा. सकाळी अकराच्या आत माल, नंतर ग्राहकांना अर्धा तास.

एलबीएसचा_दुकानदार
अकराच्या आत सिमेंट येतच नाही. भिवंडीहून निघालेली गाडी दुपारी पोचते, आणि मोठ्या गाड्यांना सकाळी-संध्याकाळी शहरात बंदी असते ते तुम्हाला माहीत असेलच. दुपारी एक ते चार द्या. आणि खाच माझ्या दारासमोर हवी, बँकेसमोर नको.

तीनचाकी
बँकेसमोर आमचं स्टँड आहे, शेट.