मदत हवी आहे: रोज गुंडाळावी लागणाऱ्या गोधडीचे थर सरकताहेत

आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवतेय. साडेचार बाय सहा फूट, चार थर: वर-खाली नऊवारी, आत दोन विरलेल्या सहावारी. कडा दुमडून बाहेरून आत, बोटभर अंतरावर हाताने धावदोरा घालतेय. सात फेऱ्या झाल्यात.

घर दोन खोल्यांचं. रात्री ओटा आवरल्यावर अर्धा तास मिळतो, मग अंथरुणं घालायची म्हणून गोधडी गुंडाळून कपाटावर. दुसऱ्या दिवशी उलगडली की आतले थर सरकलेले असतात. आता मधोमध असा झोळ जमलाय की हात फिरवला तर आतली साडी वळकटीसारखी लागते.

टाचण्या लावल्या होत्या, पण मुलगा दोन वर्षांचा आहे, पायात जाईल म्हणून काढल्या. वीत-वीत अंतरावर उभे कच्चे टाके घातले, ते गुंडाळताना सैल पडतात. मशीनवर एक ओळ मारून पाहिली, वरचा थर पुढे ढकलला जाऊन चुण्या आल्या, उसवली. बाहेर शिवायला द्यायची नाही, आईच्या साड्या आहेत, माझ्याच हातून पुरी व्हायला हवी. दोन-तीन फेऱ्या उसवायची तयारी आहे, सगळ्या नाही.

ज्यांनी अशी थोडी थोडी करत गोधडी पुरी केलीय त्यांनी सांगा: हा झोळ एका बाजूच्या फेऱ्या उसवून कडेकडे ओढून घेता येईल का? आणि नंतर कच्चे टाके मधून बाहेर घालू की आडवे-उभे, किती अंतरावर?