सहावीतल्या मुलीला काउन्सेलरचे बोलावणे आले आहे

पाठवणार: सहावीतल्या मुलीची आई, मध्य जर्सी
विषय: लंच ग्रुपचे संमतिपत्र भरावे का?

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी या सप्टेंबरपासून इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवीच्या शाळेत) जाऊ लागली. काल तिच्या शाळेच्या काउन्सेलरची, म्हणजे समुपदेशकांची, ईमेल आली. सहावीच्या सहा मुलींचा एक लहान गट दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत बसणार असून तो सहा आठवडे चालेल, त्यात आपल्या मुलीला घ्यावे असे त्यांना वाटते, तरी सोबतचे संमतिपत्र शुक्रवारपर्यंत पाठवावे, एवढाच मजकूर आहे. ईमेलचा सूर अगदी आपुलकीचा आहे, तरीही ती वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

मी सांगलीला शिकले. आमच्या शाळेत वर्गाबाहेर बोलावणे आले की काहीतरी चुकलेले असायचे, आणि समुपदेशक हा शब्द मी दहावीनंतरच्या कलचाचणीच्या संदर्भातच ऐकला होता. मुलीचे गुण चांगले आहेत, तिची कोणाशी भांडणे नाहीत, मग तिलाच का निवडले? तिच्या नावावर कुठे नोंद होईल का, आणि ती पुढे हायस्कूलमध्ये किंवा कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी आडवी येईल का? तिला मी अजून काहीच विचारलेले नाही, कारण कसे विचारावे तेच सुचत नाही. ज्यांना या गोष्टींचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.


पाठवणार: मंडळाच्या एक सभासद, मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर
विषय: उत्तर: लंच ग्रुपचे संमतिपत्र भरावे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जर्सीतल्याच एका मिडल स्कूलमध्ये हे काम करते. आपली मुलगी माझ्या शाळेत नाही, त्यामुळे तिला का निवडले हे मी सांगू शकत नाही. ते काउन्सेलरना सरळ विचारावे, त्यांना मुळीच राग येणार नाही. परंतु असे गट कसे होतात ते सांगते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आम्ही सहावीच्या प्रत्येक मुलाला दोन-तीन मिनिटे भेटतो आणि जेवायला कोणाबरोबर बसतोस, झोप किती होते, शाळेत अडचण आली तर कोणत्या मोठ्या माणसाकडे जाशील, असे साधे प्रश्न विचारतो. ज्या मुली या शेवटच्या प्रश्नावर गप्प राहतात, किंवा ज्यांच्या प्राथमिक शाळेतल्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या आहेत, त्यांना एकत्र बसवले तर ओळखी लवकर होतात. मुलीत काही दोष आढळला म्हणून हा गट नसतो, आणि गुण उत्तम असलेली मुले त्यात नेहमीच असतात. किंबहुना जिचा अभ्यास नीट चालला आहे तिच्याकडे घरात आणि वर्गात सर्वांत कमी लक्ष जाते, हे मी दरवर्षी पाहते.

नोंदीची भीती मला पालकांकडून इतक्यांदा ऐकू येते की तिच्याविषयी सविस्तर लिहिते. मुलांच्या शालेय नोंदींविषयीचा केंद्रीय कायदा १९७४ सालचा आहे. त्यानुसार पालकांना मुलाची फाइल पाहण्याचा हक्क आहे आणि तसा अर्ज केल्यावर ४५ दिवसांच्या आत शाळेला ती दाखवावी लागते. काउन्सेलर स्वतःच्या आठवणीसाठी जी टिपणे काढतात आणि दुसऱ्या कोणाला दाखवत नाहीत, ती या फाइलचा भाग धरली जात नाहीत. मुलगी सहावीत मंगळवारी कोणाबरोबर जेवली, हे गुणपत्रिकेत येत नाही आणि कॉलेजपर्यंतही पोहोचत नाही.

गटात बोललेले बाहेर जाऊ नये असा आमचा दंडक असतो, आणि त्याला असलेले अपवाद आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो: मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारात असेल, दुसऱ्याला इजा करण्याच्या विचारात असेल, किंवा त्याच्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर आम्हाला गप्प राहता येत नाही. बाकी गोष्टी मूल आपणहून घरी सांगेल तेव्हाच त्या आपल्याला कळतील. आई म्हणून हे जड जाते हे मी जाणते, कारण माझीही मुले याच वयातून गेली आहेत.

आमचे काम संकट आल्यावर सुरू होते असा समज आपल्याकडे आहे, म्हणून आमचे वर्ष कसे जाते तेही सांगते. सप्टेंबरात सहावीची मुले ज्या अडचणी घेऊन येतात त्या मोठ्यांना क्षुल्लक वाटतील. लॉकरचे कुलूपच घ्या. उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचे, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर यायचे, मग पुन्हा उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. दोन तासांच्या मध्ये मिळणाऱ्या चार मिनिटांत, दोन्ही बाजूंना आठवीची उंच मुले उभी असताना, काटा दुसऱ्या आकड्याच्या किंचित पुढे गेला की सगळे पहिल्यापासून करावे लागते. अकरा वर्षांचे मूल घामाघूम होते आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी पुस्तके पाठीवर वाहू लागते. ते ओझे पाहून आम्ही त्याला शाळा सुटल्यावर थांबवतो आणि कुलूप दहा वेळा उघडून घेतो. त्या दहा मिनिटांत ते मूल बाकीचेही बोलून जाते.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा जर्सीतल्या सर्व शाळांत परस्पर आदराचा आठवडा म्हणून पाळला जातो. नोव्हेंबरात पहिले प्रगतिपुस्तक हाती आले की घरातल्या बोलाचालीचे पडसाद दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत उमटतात. हिवाळ्यात दिवस लहान होतात, मैदानावरचे खेळ बंद होतात आणि मुलांचे सगळे जग रात्रीच्या ग्रुप चॅटमध्ये सामावते. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी आदल्या रात्री अकरानंतर लिहिलेल्या चार ओळींतून निघालेल्या असतात. त्याच सुमारास पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे असतात, आणि मुलाला गणिताच्या वरच्या वर्गात घ्यावे अशी विनंती करणाऱ्या आपल्या लोकांच्या ईमेल येतात. ही विनंती गैर नाही, पण त्या पत्रांत मूल कसे आहे, याविषयी एक ओळही नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वसंतात परीक्षा असतात आणि जूनमध्ये आठवीची मुले हायस्कूलकडे निघतात.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातवीतला एक मुलगा पोट दुखते म्हणून वारंवार नर्सकडे जात असे. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही, आणि घरच्यांना वाटले की मुलगा शाळा टाळतो आहे. नर्सने आणि मी मिळून तिच्या वहीतल्या वेळा एका कागदावर उतरवल्या, तेव्हा दिसले की तो विज्ञानाच्या तासालाच येतो, आणि तेही फक्त प्रयोग असलेल्या दिवशी. त्या दिवशी बाई मुलांना सांगत की आपापला जोडीदार निवडा. सगळ्यांच्या जोड्या होत आणि हा मुलगा टेबलाशी एकटा उभा राही. बाईंना मी एवढेच सुचवले की जोड्या आपण ठरवून फळ्यावर लिहाव्यात, आणि त्या साऱ्या वर्गासाठी. दोन आठवड्यांत पोटदुखी थांबली. त्या मुलाला मी या कारणासाठी एकदाही खोलीत बोलावले नव्हते.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलांचे दुपारनंतरचे सगळे आजी-आजोबा पाहतात. त्यांना शाळेशी बोलायचे असेल आणि इंग्रजीची अडचण असेल, तर शाळेकडे दुभाष्या मागावा; तो विनामूल्य पुरवणे शाळेचे काम आहे. ज्या मुलाविषयी बोलणे चालले आहे त्यालाच मध्ये उभे करून भाषांतर करायला लावू नये.


पाठवणार: आठवीतल्या मुलाचे वडील
विषय: उत्तर: लंच ग्रुपचे संमतिपत्र भरावे का?

सर्वांना नमस्कार.

वरील पत्र अतिशय मोलाचे आहे, परंतु चित्राची दुसरी बाजूही नव्या पालकांना माहीत असावी म्हणून लिहितो. गेल्या वर्षी माझा मुलगा सातवीत असताना काही मुलांनी त्याला गटातून काढून त्याच्या नावाची आणि उच्चारांची टिंगल करणारा वेगळा ग्रुप चॅट काढला. तो आठवडाभर नीट जेवला नाही. मी काउन्सेलरना ईमेल पाठवली आणि उत्तर यायला नऊ दिवस लागले. नंतर त्यांनी प्रांजळपणे सांगितले की त्यांच्याकडे चारशेहून अधिक मुले आहेत, आणि त्या दोन आठवड्यांत त्यांना परीक्षांच्या देखरेखीवर आणि कॅफेटेरियात उभे केले होते. बाई भल्या होत्या, त्यांचा मला राग नाही. पण नऊ दिवस बारा वर्षांच्या मुलाला फार मोठे असतात.

मला नंतर एका पालकाने सांगितलेली गोष्ट मी आधी जाणायला हवी होती. जर्सीत २०११ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार छळाची तक्रार मिळाल्यावर मुख्याध्यापकांना शाळेच्या एका दिवसाच्या आत चौकशी सुरू करावी लागते आणि लेखी अहवालापासून शाळेच्या दहा दिवसांत ती पुरी करावी लागते. माझ्या ईमेलमध्ये मी केवळ मुलगा उदास आहे असे लिहिले होते. काय घडले, कोणत्या तारखेला, चॅटचे कोणते फोटो आमच्याकडे आहेत, हे मी लिहिले नव्हते, आणि पत्र मुख्याध्यापकांना पाठवलेही नव्हते. तेव्हा काउन्सेलरवर विश्वास जरूर ठेवावा, पण घडलेली गोष्ट लेखी, तारखेसह आणि दोघांनाही कळवावी.


पाठवणार: मंडळाच्या एक सभासद, मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर
विषय: उत्तर: लंच ग्रुपचे संमतिपत्र भरावे का?

दादा, आपल्या मुलाने जे सोसले ते वाचून फार वाईट वाटले, आणि आपले म्हणणे खरे आहे. प्रत्येक शाळेत छळविरोधी काम पाहणारी एक व्यक्ती नेमणे याच कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती व्यक्ती पुष्कळदा काउन्सेलरच असते. म्हणजे ज्या खोलीत मुलाने मन मोकळे करावे, त्याच खोलीत चौकशीचे जबाबही घेतले जातात. ही ओढाताण मी रोज अनुभवते.

संख्येविषयी सांगायचे तर आमची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन, एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असे सांगते, आणि २०२३-२४ साली देशाची सरासरी ३७६ होती. काउन्सेलरचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या कामी जावा, असेही संघटनेचे म्हणणे आहे. परीक्षांची पाकिटे मोजणे त्यात बसत नाही. हे बदलण्याची जागा म्हणजे शाळा मंडळाची अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी, जी जर्सीत साधारणपणे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत होते. मी तिथे नोकरदार म्हणून बोलले तर ते पगारासाठी वाटते. आपल्यासारखे दहा पालक तिथे उभे राहिले आणि आमच्या शाळेत काउन्सेलर किती व त्यांचा वेळ कुठे जातो, एवढेच त्यांनी विचारले, तर त्याची दखल घेतली जाते. गणेशोत्सवाला आपण दोन दिवसांत दीडशे स्वयंसेवक उभे करतो, त्यामुळे हे आपल्याला अवघड नाही.

तातडीच्या प्रसंगी मात्र ईमेलवर विसंबू नये. शाळेच्या कार्यालयात फोन करून आजच बोलायचे आहे असे सांगावे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो किंवा संदेश पाठवता येतो. पालकांनाही तिथे सल्ला मिळतो.


पाठवणार: सहावीतल्या मुलीची आई, मध्य जर्सी
विषय: उत्तर: लंच ग्रुपचे संमतिपत्र भरावे का?

आपणा दोघांचे आणि ज्यांनी मला स्वतंत्रपणे लिहिले त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

काल रात्री भांडी आवरताना मी मुलीला विचारले. ताटे पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिने सांगितले की काउन्सेलरना ती आधीच ओळखते. पहिल्या आठवड्यात एका बदली शिक्षकांनी हजेरी घेताना तिचे नाव तीनदा वेगवेगळे उच्चारले आणि वर्ग हसला, तेव्हा ती आपणहून त्यांच्या खोलीत गेली होती. त्यांनी तिच्याकडून नाव पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले, स्वतःला जमेपर्यंत म्हटले, आणि हजेरीच्या यादीत नावापुढे उच्चार लिहून ठेवला. ही गोष्ट महिनाभर मला ठाऊक नव्हती. का सांगितली नाहीस असे विचारल्यावर ती म्हणाली, तुला वाईट वाटले असते, नाव तू ठेवलेस ना.

संमतिपत्र आज सकाळी सही करून पाठवले. सोबत काउन्सेलरना चार ओळी लिहिल्या. त्यांत गणिताचा उल्लेख नाही. ती कशी आहे, तिला काय आवडते, कशाने ती गप्प होते, एवढेच लिहिले आहे, आणि ते लिहायला मला तासभर लागला.

येत्या रविवारी मराठी शाळेच्या वेळी, मुले वर्गात असताना, आपण पालकांशी तासभर बोलाल का, अशी काउन्सेलरताईंना विनंती आहे. मागची खोली मोकळी असते, चहाचे मी पाहीन. एप्रिलच्या सुनावणीला कोण कोण येऊ शकेल त्याची यादीही तिथेच करू. माझे नाव पहिले धरावे.