यूपीआय झोपलं तर घरात काय हवं?

सुटेपैसे: १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास रडतखडत चाललं. २६ मार्चलाही तेच. त्याआधी जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज संगणक अडकले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. घरात दोन दिवसांची रोकड असावी, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट भाजीवाली एरवीही मोडून देत नाही, त्या दिवशी तर नाहीच. जवळच्यांचे नंबर आणि चालू औषधांची नावं कागदावर. झालं.

बोरिवलीकर: झाली सुरुवात! वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताच संगणक गोंधळतील या धसक्याने अमेरिकेत लोकांनी डबाबंद अन्न भरून ठेवलं होतं. १ जानेवारी २००० ला काय कोसळलं? चार तासांच्या गैरसोयीसाठी कपाटात पैसे ठेवून चोराला आमंत्रण कशाला? आमचा वाणी वहीत मांडतो, पुढच्या आठवड्यात द्या म्हणतो.

सुटेपैसे: कोसळलं नाही, कारण आधी कित्येक वर्षं प्रोग्रामर, त्यात आपलेही बरेच, दोन आकडी साल शोधून शोधून दुरुस्त करत होते. आणि वाणी तुमचा ओळखीचा. रात्री अकराला परगावच्या मेडिकलवाल्याकडे कुठली वही?

जिल्हाबँक_खातेदार: दोघेही शहरातलं बोलताय. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांची संगणकयंत्रणा चालवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, तिच्यावर चालणाऱ्या सुमारे ३०० लहान बँका पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडल्या, बहुतेक सहकारी नि ग्रामीण. मोठ्या बँकांच्या ग्राहकांना पत्ताही नव्हता. आमच्याकडे उसाचं बिल, दुधाचा पगार, सगळं एकाच खात्यात येतं. तेव्हा रोकड राहू द्या, आधी दुसऱ्या बँकेत खातं उघडा आणि त्यात थोडे पैसे खरोखर ठेवा.

बोरिवलीकर: हे पटण्यासारखं आहे. पण मग यूपीआय लाइटमध्येच, त्या फोनमधल्या छोट्या पाकिटात, पैसे भरून ठेवा की, नोटा कशाला?

सुटेपैसे: बँकेचा सर्व्हर बसला तर लाइट तारून नेतं. एनपीसीआयकडेच घोळ असेल तर नेहमीच्या लाइटलाही वाट नाही. १२ एप्रिलला नेमकं तेच झालं: काही बँका जुन्या व्यवहारांचं काय झालं हे पुन्हापुन्हा विचारत राहिल्या आणि त्या भडिमाराने यंत्रणा तुंबली.

बोरिवलीकर: ठीक, पण दोन दिवसांवर एक रुपया जास्त ठेवणार नाही. आणि दहाच्या नोटा आणायच्या कुठून? आमच्या शाखेत मागितल्या की कॅशिअर नाण्यांची पिशवी पुढे सरकवतो.

जिल्हाबँक_खातेदार: घ्या की मग! एसटीचा कंडक्टर दुवा देईल.