मदत हवी आहे : हा साप चापडा की मांजऱ्या? (आणि लेन्समधलं धुकं)

मंडळी, रविवारी गगनबावड्याला गेलो होतो, खरं तर भजी खायला. कॅमेरा आपला सवयीनं गळ्यात. भुईबावडा घाटाच्या तोंडाशी पाऊस जरा उघडला, म्हणून करवंदीच्या जाळीतल्या गोगलगायीचा फोटो काढायला वाकलो, तर तिच्या वीतभर मागं तपकिरी साप वेटोळं घालून गप्प बसलेला! मी दोन पावलं मागं, तो ढिम्म. डोकं तिकोनी, मान बारीक, डोळ्याची बाहुली उभी.

हरणटोळ नक्की नव्हे, त्याची बाहुली आडवी असते. मलबार चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी असा बऱ्याच रंगांत असतो, पण उभी बाहुली मांजऱ्याचीही असतेच की. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा असतो, नेमका तोच भाग फोटोत धूसर. गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला, माझाच शहाणपणा.

फोटो खाली टाकलाय. खळगा दिसत नसेल तर डोक्यावरच्या खवल्यांवरून, अंगावरच्या नक्षीवरून ओळखता येईल का? आणि दोन दिवस झाले तरी लेन्सच्या आतली वाफ जाईना. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवलीय. बुरशी धरायच्या आत दुकानात द्यावी काय? तांदळात ठेव म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःची लेन्स ठेवून दाखवावी.