गेम करायचा असेल तर गोडॉट इंजिन स्वतः कंपाइल करावं का?

सत्तरीकर
पेडण्यातली कॉलेजची काही मुलं दशावतारावर टूडी गेम करतायत. संकासुराचा नाच, पखवाजाच्या ठोक्यावर बटण दाबायचं, अशी गंमत. पण गेम राहिला बाजूला आणि त्यांचा सगळा वेळ गोडॉट हे गेम बनवायचं इंजिन सोर्समधून, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून, बांधण्यात जातोय, कारण कुणीतरी डोक्यात भरवलंय की तयार डाउनलोड घेणारा कच्चा प्रोग्रॅमर.

माझं मत उलट आहे. गोडॉट २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला) खुलं आहे, म्हणून ते प्रत्येकाने बांधलंच पाहिजे असं कुठे आहे? या मुलांना सी-प्लस-प्लस हवंय ते फक्त ठोक्याची वेळ अचूक मोजायला. त्यासाठी जीडीएक्स्टेन्शन आहे, म्हणजे इंजिनाला हात न लावता बाहेरून आपला कोड जोडायची सोय. इंजिन तयार घ्या, सी-प्लस-प्लस कोड इंजिनाशी जोडणारी गोडॉट-सीपीपी लायब्ररी आणि आपला कोड तेवढा कंपाइल करा. अख्खं इंजिन बांधायला बसलं की स्कॉन्स हे बांधणीचं साधन प्रोसेसरचे जवळजवळ सगळे कोअर कामाला जुंपतं, आठ जीबी रॅम भरते, लिनक्स कंपायलरलाच ठार करतं आणि पडद्यावर नुसतं ‘किल्ड’. त्यात पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही.

लिंकर_एरर
सत्तरीकरबाब, वीज गेली म्हणून झालेलं काम वाया जात नाही. स्कॉन्स पुन्हा चालवा, तयार ऑब्जेक्ट फायली (कंपाइल होऊन झालेले तुकडे) सोडून ते उरलेल्याच घेतं. रॅम कमी असेल तर एका वेळी दोनच कामं चालव असं स्कॉन्सला सांगायचं, ‘जे-दोन’ हा पर्याय देऊन. वेळ लागतो, पण पार पडतं.

आणि तयार इंजिन घेतलं की काही दारं बंदच राहतात. स्क्रिप्ट एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून गेम द्यायचा तर एक्स्पोर्ट टेम्प्लेट (गेमसोबत खेळणाऱ्याकडे जाणारं इंजिन) आपल्या २५६ बिटांच्या किल्लीसह स्वतःच कंपाइल करावं लागतं, अधिकृत टेम्प्लेटमध्ये ती सोय नाही. टूडी गेमला थ्रीडीचा सगळा कोड कशाला? तो वगळून बांधलं तर वेब टेम्प्लेट हलकं होतं. एडिटर (गोडॉटची गेम बनवायची खिडकी) कोसळला तर डेव्ह बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायला बांधलेल्या इंजिनात, कुठल्या फायलीतल्या कुठल्या ओळीवर, ते दिसतं. तयार बिल्डमध्ये नुसते मेमरीतले पत्ते.

कुशावती
एन्क्रिप्शनचं कौतुक पुरे. ती किल्ली बायनरीतच, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फायलीतच, बसलेली असते आणि ती उकरून काढणारी साधनं कधीचीच फिरतायत. चोर पाच मिनिटं उशिरा येईल, एवढंच. थ्रीडी वगळण्याचा मुद्दा मात्र मान्य, पण ते काम गेम पूर्ण झाल्यावरचं.

मुलांचं अडलंय नेमकं कशात, ते कुणी विचारलंच नाही. एरर काय येतोय?

पेडणेकर_ज्युनियर
ताई, मी त्याच गटातला. इंजिन ४.२, अधिकृत डाउनलोड. गोडॉट-सीपीपी गिटवरून आली तशी घेतली. कंपाइल व्यवस्थित होतं, पण एडिटर म्हणतो की हे एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीसाठी बांधलेलं आहे, लोड करणार नाही. म्हणून वाटलं, इंजिनच नवीन बांधावं.

कुशावती
इंजिन बांधायची गरजच नाही. तुम्ही मास्टर शाखा, म्हणजे काम चालू असलेली प्रत, घेतलीय, ती पुढच्या आवृत्तीकडे बघते. ४.२ ची शाखा घ्या, जुन्या ऑब्जेक्ट फायली साफ करा आणि पुन्हा बांधा. ४.१ पासून नियम असा आहे की जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं एक्स्टेन्शन नव्या इंजिनात सहसा चालतं, उलट चालत नाही. ४.० चं मात्र ४.१ मध्येही चालायचं नाही, तिथे इंटरफेसच बदलला.

पेडणेकर_ज्युनियर
तो एरर गेला. आता म्हणतोय, या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लायब्ररी सापडली नाही. फायल तर बिन फोल्डरमध्ये समोर दिसतेय.

कुशावती
बांधताना टारगेट ‘टेम्प्लेट-रिलीज’ (अंतिम गेमसाठीचं) दिलं असणार. एडिटर डीबग, म्हणजे चाचणीची, लायब्ररी मागतो. टेम्प्लेट-डीबग बांधा आणि डॉट-जीडीएक्स्टेन्शन फायलीत (एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या) तिचा मार्ग लिहा. एंट्री सिम्बॉलचं, म्हणजे एक्स्टेन्शन सुरू करणाऱ्या फंक्शनचं, नावही सी-प्लस-प्लसमधल्या फंक्शनशी अक्षरन् अक्षर जुळवा, नाहीतर पुढचा एरर तोच येईल.

माडाखाली
एवढा त्रास कशाला? सी-शार्प भाषा घ्या.

लिंकर_एरर
गोडॉट ४ मधलं सी-शार्प वेबवर एक्स्पोर्ट होत नाही. मुलांना गेम लिंकवर द्यायचा असेल तर तो रस्ता बंद. आणि सी-शार्पवालं इंजिन सोर्समधून बांधलं तर आधी ग्लू कोड (इंजिन आणि सी-शार्प जोडणारा) निर्माण करा, मग असेम्ब्ली, म्हणजे सी-शार्पच्या लायब्ररी, बांधा. ही पायरी विसरणारे रोज भेटतात.

कुशावतीताईंनी सोडवलं ते छानच. पण अशा गोष्टी कळतात त्या कधीतरी इंजिन उघडून बघितलेल्यालाच.

सत्तरीकर
उघडून बघायला माझी ना नाही. सोर्स वाचा, रात्र रात्र वाचा. गेम देताना मात्र तयार बिल्ड. आणखी एक कारण सांगतो. नव्या उबुंटूवर स्वतः बांधलेलं इंजिन मी शाळेच्या लॅबमधल्या जुन्या उबुंटूवर नेलं तर ‘जीलिबसी आवृत्ती सापडली नाही’ म्हणून ते उठतच नाही; जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी. अधिकृत लिनक्स बिल्ड मुद्दाम जुन्या जीलिबसीवर बांधतात, म्हणून ते बहुतेक सगळीकडे चालतं.

लिंकर_एरर
मग तेच तुमच्या एक्स्टेन्शनलाही लागू आहे, बाब! इंजिन अधिकृत घेतलंत, पण मुलांची डॉट-एसओ फायल (लिनक्सवरची एक्स्टेन्शनची लायब्ररी) नव्या लॅपटॉपवर बांधली, तर लॅबमध्ये इंजिन उघडेल आणि पखवाज गप्प.

कुशावती
हे खरं आहे. ज्युनियर, लिनक्सची अंतिम लायब्ररी तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर बांधा. विंडोजवर मिनजीडब्ल्यू हा कंपायलर वापरत असाल तर त्याच्या रनटाइम लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे आपल्या फायलीतच, जोडा, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर एरर १२६ येईल. तो फायल नाही असं सांगतो, पण बहुतेक वेळा नसते ती तिला लागणारी दुसरी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फायल).

पेडणेकर_ज्युनियर
डीबग लायब्ररी लोड झाली. जुनं मशीन सरांच्या लॅबमध्येच आहे. सर, शनिवारी येऊ का?

सत्तरीकर
ये. इंजिनाचा सोर्स घरीच ठेव.

लिंकर_एरर
पेन ड्राइव्हवर टाकून आण रे. चवथीच्या सुट्टीत थ्रीडी वगळलेलं वेब टेम्प्लेट मी बांधून देतो, मग अधिकृत टेम्प्लेट आणि हे, दोन्हींच्या आकाराचे आकडे इथेच लावू.