मदत हवी आहे: हिऱ्याला इन्व्हर्जन सिमेट्री असूनही क्ष-किरण आणि लेझर त्यात मिसळतात कसे?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी नॉनलिनियर एक्स-रे ऑप्टिक्स (क्ष-किरण पदार्थात एकमेकांशी किंवा लेझरशी मिसळून नवी फ्रिक्वेन्सी कशी देतात, तो विषय) घेतलंय आणि एका जागी गाडी अडलीय.

1961 मध्ये फ्रँकेन यांच्या गटाने रूबी लेझरचा 694.3 नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमध्ये सोडून दुप्पट फ्रिक्वेन्सी मिळवली. क्वार्ट्झला इन्व्हर्जन सिमेट्री नाही (म्हणजे एका केंद्रबिंदूतून उलटा केला तर स्फटिक तसाच राहत नाही) म्हणून ते जमलं. सिमेट्री असेल तर दोन लहरी मिसळू देणारा पदार्थाचा प्रतिसाद, म्हणजे दुसऱ्या क्रमाची ससेप्टिबिलिटी, शून्य, हे आम्हाला तोंडपाठ आहे. मग 2012 मध्ये अमेरिकेतल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरवर ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी 8 केईव्हीचे (8 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे) क्ष-किरण आणि 1.55 ईव्हीचा लेझर यांच्या फ्रिक्वेन्सींची बेरीज चक्क हिऱ्यात कशी मिळवली? 2014 मध्ये जपानच्या साक्ला या क्ष-किरण लेझरवर क्ष-किरणांचा सेकंड हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) मिळाला, तोही हिऱ्यातच.

क्ष-किरणांचं थोडंफार समजतं. आमच्या एक्सआरडीवर (क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्रावर) कॉपरची 1.54 अँग्स्ट्रॉमची लाइन असते, म्हणजे जवळपास तेच 8 केईव्ही. हिऱ्याची युनिट सेल (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) 3.57 अँग्स्ट्रॉमची, त्यामुळे एवढ्या आखूड लहरीला सेलच्या आतला फरक जाणवणारच. पण लेझरची लहर 800 नॅनोमीटरची! तिच्या लेखी सगळ्या सेल सारख्याच. मग सिमेट्री मोडतं कोण? सर विचारणार हे नक्की, आणि मलाही ते नीट समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. सिमेट्री कुणीच मोडत नाही. लेझरचं फील्ड बाँडमधल्या व्हॅलेन्स इलेक्ट्रॉन्सना किंचित एका बाजूला ढकलतं. आतले कोअर इलेक्ट्रॉन्स जवळपास हलत नाहीत. त्यामुळे चार्ज घनतेत होणारा बदल इन्व्हर्जन सेंटरभोवती विषम असतो: एकीकडे वाढ, तर दुसरीकडे तेवढीच घट. पूर्ण सेलवर बेरीज शून्य. दृश्य प्रकाशाला फक्त ही बेरीज दिसते, म्हणून तिथे तुमचा नियम लागू पडतो.

आता वहीत हे करून बघा. मूळ घनतेचा 111 चा घटक (111 नावाच्या थरांच्या अंतराने वरखाली होणारा भाग) कोसाइन धरा आणि तो जरासा सरकवा. फरक साइनसारखा येईल. साइनचं इंटिग्रल शून्य, पण त्याचा 111 चा फूरिए घटक शून्य नाही. क्ष-किरण याच घटकावरून ब्रॅगसारखे (स्फटिकाच्या थरांवरून ठराविक कोनात) विखुरतात आणि जाताना 1.55 ईव्ही घेऊन जातात. फेज मॅचिंगमध्ये (लहरी एका तालात राहण्याच्या अटीत) रेसिप्रोकल लॅटिस व्हेक्टर (स्फटिकाच्या थरांकडून येणारा संवेगाचा वाटा) मिळवायला विसरू नका, त्याशिवाय संवेगाचा हिशेब जुळत नाही.

साक्लाचा प्रयोग मात्र या चित्रात बसवू नका. तिथे दोन्ही फोटॉन क्ष-किरणांचे, इलेक्ट्रॉन्स जवळपास मुक्त असल्यासारखे वागतात, आणि चुंबकीय फील्डचा लॉरेंट्झ फोर्सही हिशेबात घ्यावा लागतो.