मीठ रोखायचं ते ओढ्यात येण्याआधीच

हिवाळ्यात रस्त्या-फुटपाथांवरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ वाहून ओढ्यात येतं. ओढ्याकाठी लव्हाळे लावले की हे क्षार शोषले जातील, असं कुणीतरी सुचवलंय. कळकळ पटते, पण मिठातल्या क्लोराइडच्या बाबतीत हे फारसं चालत नाही. ते कुजत नाही, मातीला चिकटत नाही, पाण्यासोबत सरळ पुढे जातं. काही भूजलात मुरतं आणि भर उन्हाळ्यात ओढ्यात झिरपतं. म्हणून चाचणी फक्त हिवाळ्यात करू नका.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ साली जलचरांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठरवली. १५ लिटरच्या बादलीत चहाचा एक शिगोशीग चमचा मीठ टाकलं तरी ती ओलांडली जाते!

तेव्हा उपाय एकच, मीठ कमी टाकणं. आधी बर्फ खरवडा, मग मीठ. उणे ९ अंशांखाली साधं मीठ जवळपास निकामी होतं, तिथे घसरण टाळायला वाळू बरी. बर्फ पडण्याआधी २३ टक्के मिठाचं पाणी फवारलं तर कोरड्या मिठापेक्षा बरंच कमी लागतं. आणि कोरड्या फुटपाथवर पायाखाली करकरणारे पांढरे खडे दिसले तर कृपया झाडून परत डब्यात भरा. पुढच्या पावसात ते ओढ्यातच जाणार आहेत.